पाठमोरी खुर्ची

इमारतीच्या लॉबीचं काचेचं दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा एकदम पांढरा झाला, की समजावं, दमट दिवस सुरू झाले. दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये ऋतू आभाळातून येत नाहीत, चष्म्यावर येतात. पाच-सहा सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही. समोर गाडी आहे की भिंत, सगळं सारखंच. शहाणी माणसं तेवढा वेळ थांबतात, काचा पुसतात आणि मग चालू लागतात. मला थांबवत नाही. मी तशीच पुढे जाते आणि दरवर्षी त्याच एका कुंडीला ठेचकाळते.

कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत रुतब आलेला असतो. अर्धा पिवळा नि कडक, अर्धा तपकिरी नि मऊ, असा ताजा खजूर. त्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. आई तो डबाभर आणते, फ्रिजमध्ये ठेवते आणि दोन दिवसांत सगळा पूर्ण पिकला म्हणून हळहळते. मला तो अर्धवटच आवडतो. बाहेर रस्त्याच्या कामावरची माणसं साडेबारा ते तीन या उन्हाच्या सक्तीच्या सुट्टीत पुठ्ठे अंथरून पुलाच्या सावलीत आडवी झालेली असतात. त्यांच्याकडे बघितलं की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो.

कारण याच दिवसांत, दोन वर्षांपूर्वी, मी एका माणसाचा जीव वाचवला किंवा त्याची नोकरी घालवली. दोन्ही एकाच वाक्यानं केलं. त्यातलं कुठलं मोजायचं, याचा निकाल मला दोन उन्हाळ्यांत लावता आलेला नाही.

मी मेडिकल स्क्राइब आहे. म्हणजे काय, हे आईला अजून धड सांगता येत नाही. नातेवाइकांना ती ‘दवाखान्यात कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगते, आणि ते चूकही नाही. डॉक्टर पेशंटशी बोलतात, त्याला तपासतात. मी त्याच खोलीत बसून ते सगळं रेकॉर्डमध्ये उतरवते, म्हणजे डॉक्टरांना स्क्रीनऐवजी माणसाकडे बघता येतं. आमचं क्लिनिक मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पांना लागून. खोली एवढीशी, त्यामुळे माझं टेबल भिंतीला टेकवलेलं आणि खुर्ची पेशंटकडे पाठ करून. कामाचा पहिला नियम असा की तू खोलीत नाहीसच. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, ‘अरेरे’सुद्धा करायचं नाही. जे बोललं गेलं ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

तीन वर्षं मी माणसं आवाजावरून ओळखली, चेहऱ्यावरून एकही नाही. कंबर धरलेला माणूस बसण्याआधी श्वास सोडतो. सुट्टीसाठी ताप सांगणारा भरभर बोलतो. आणि ज्याला काहीच झालेलं नसतं, नुसती घरची आठवण येत असते, तो सगळं सांगून झाल्यावर ‘और मैडम…’ म्हणतो आणि पुढे काहीच बोलत नाही. त्या थांबण्यासाठी रेकॉर्डमध्ये रकाना नाही. मी तिथे पूर्णविराम देऊन पुढच्या पेशंटचं नाव उघडायची.

आमच्या डॉक्टर मुकादम श्रीवर्धनकडच्या. पन्नाशीच्या, अंगापिंडानं बारीक, आवाज मात्र समुद्रापलीकडे हाक मारायची सवय असल्यासारखा. पेशंटशी हिंदी, कंपनीच्या माणसांशी अरबी, आणि दार बंद झालं की माझ्याशी मराठी. मला त्या ‘बाय’ म्हणायच्या. काय गो बाय, लिहिलंस? लिहिलं, मॅडम. दिवसभरात आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं आणि मला ते पुरायचं नाही.

पुरत नव्हतं म्हणूनच मी दुसरा उद्योग मागे लावून घेतला. झालं असं, की समोरच्या इमारतीत एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराला आग लागली. आम्ही सगळे खाली जमलो. वॉचमननं एका म्हाताऱ्या बाईंना पाठीवर घेऊन जिन्यानं खाली आणलं. गाड्या आल्या, आग विझली, कुणाला काही झालं नाही. घरी येऊन फोन बघितला, तर मी त्यात लिहून ठेवलं होतं: धूर दिसला तीन वाजून दहा, वॉचमन आत गेला तीन चौदा, बाहेर आला तीन एकोणीस. माझ्या नकळत मी नोंदी करत उभी होते. मला माझी इतकी शरम वाटली की त्याच आठवड्यात अग्निशमनाच्या स्वयंसेवक प्रशिक्षणात नाव घातलं.

आईनं कपाळावर हात मारला. दिवसभर दवाखाना, शनिवारी पहाटे उठून आगीशी खेळ, लग्नाचं नाव काढलं की वेळ नाही. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” ती म्हणाली. धाकटा भाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “लेट हर, आई. शी नीड्स इट.” त्याला काय कळलं होतं देव जाणे, पण बरोबर होतं.

शनिवारी सकाळी सहाला शारजा औद्योगिक क्षेत्राच्या मागच्या बाजूला, गॅरेजेस आणि गोदामं उघडायच्या आधी, आम्ही वीसेक जण त्या दमट हवेत जमायचो. कुणी अकाउंटंट, कुणी शाळेतले शिक्षक, कुणी घर सांभाळणाऱ्या. माझा जोडीदार बिजू हा केरळचा, एका गोदामात स्टोअरकीपर. शिकवणारे इथलेच, अमिराती, साठीला आलेले, आग विझवण्यातच नोकरी घालवलेले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. लहानपणी पाहिलेल्या हिंदी सिनेमांमुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि त्याचा त्यांना वाजवीपेक्षा जरा जास्तच अभिमान होता. ते कधी ओरडत नसत. पाण्याचा होज गुंडाळताना कुणी आळस केला, तर स्वतः येऊन तो पुन्हा उलगडून ठेवत आणि ‘यल्ला’, म्हणजे चला, एवढंच म्हणून निघून जात.

किती गोष्टी हाताला शिकवल्या त्यांनी. बंद दाराला आधी पंजाची मागची बाजू लावून बघायची, कारण तळहात भाजला तर पुढे काही धरता येत नाही. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीलगत हवा असते, तिथून सरपटायचं. डावा हात भिंतीवर ठेवला की तो उठवायचा नाही, त्याच भिंतीनं परत यायचं. सोमवारी क्लिनिकमध्ये मी टाइप करायला बसायची तेव्हा डाव्या हाताला भिंतीचा खरखरीतपणा अजून जाणवायचा. बोटं कीबोर्डवर नीट बसायची नाहीत. बरं वाटायचं त्यानं. इतकी वर्षं हात नुसतेच दुसऱ्यांचं दुखणं वाहून नेत होते, आता त्यांना स्वतःचं काही आलं होतं.

आणि मग धुराची खोली आली. खोटाच धूर, पण दाट. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क. जोडीनं आत शिरायचं, एकानं डावीकडून, एकानं उजवीकडून भिंत धरून शोधत जायचं आणि आत ठेवलेला पुतळा बाहेर आणायचा. सतत आपलं नाव ओरडत राहायचं, म्हणजे जोडीदाराला कळतं आपण कुठे आहोत. मी आत शिरले, भिंत धरली, कोपरे नीट तपासले, पुतळा सापडला, त्याच्या काखेत हात घातले. तेवढ्यात शिटी झाली, धूर काढायचे पंखे सुरू झाले आणि दोन माणसं धावत येऊन मलाच काखेत धरून बाहेर घेऊन गेली. बिजूचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी आत शिरल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. पुरती तीन मिनिटं त्यानं माझं नाव ओरडून ओरडून गळा फोडला होता आणि मी, मला वाटलं तसं, अतिशय व्यवस्थित काम करत होते.

सगळे हसले. मीही हसले. खोलीत गेल्यावर गप्प बसायचं, हे माझ्या हाडांत इतकं मुरलं होतं की मला ते आठवावंही लागलं नव्हतं. उस्तादांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, “बेटी, धुएँ में जो चुप है, हमारे लिए वो मर गया.” परीक्षा तीन आठवड्यांनी होती. पुन्हा गप्प राहिलीस तर तुला पास करणार नाही, हेही त्यांनी त्याच थंड सुरात सांगितलं.

त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आगीतून बाहेर आलेला माणूस नेहमी म्हणतो, मी ठीक आहे. त्याला घाई असते, लाज वाटत असते, कधी कुणाची तरी भीती असते. गळा आतून भाजला असेल तर सूज हळूहळू चढते आणि तोवर तो बोलत बसतो, चहा पितो. “उसका मुँह मत सुनो,” उस्ताद म्हणाले, “नाक देखो.” नाकात काजळी आहे का, केस जळलेत का. मी ते वहीत लिहून घेतलं, कारण मी सगळंच लिहून घेते.

दोन आठवड्यांनी, ऑगस्टच्या एका बुधवारी, दुपारच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे क्लिनिकमध्ये रांग लागली. कामावरची माणसं तेवढ्या वेळातच येऊ शकतात. पाचवे की सहावे पेशंट आले, त्यांचं नाव मी बदलून सांगते, रामदरस म्हणू. गोरखपूरकडचे, सुतारकाम करणारे. डाव्या हाताला भाजलं होतं. “चाय गिर गया, मैडम,” ते म्हणाले. भरदार, मोकळा आवाज, शेतात हाक मारणाऱ्या माणसाचा. मी लिहिलं: हातावर गरम चहा सांडला.

आमच्या रेकॉर्डमध्ये बरीच वाक्यं आधीच भरलेली येतात. श्वासाला त्रास नाही. छातीत दुखत नाही. आवाज सर्वसाधारण. वेगळं काही असेल तरच ती बदलायची. रांग मोठी असली की ती तशीच राहतात. मी ती तशीच राहू दिली.

मॅडम हात धुऊन मलम लावत होत्या, विचारत होत्या, ते उत्तरं देत होते. मधेच मला एक शब्द ऐकू आला नाही. मग आणखी एक. मी खुर्ची जरा मागे सरकवली. पट्टी बांधून होईपर्यंत त्यांनी विचारलं, “कल से ड्यूटी जाऊँगा ना?” आणि त्यातलं ‘ड्यूटी’ मला अंदाजानं लिहावं लागलं. आठ-दहा मिनिटांत तो आवाज सेल संपत आलेल्या रेडिओसारखा बसत गेला होता. मॅडमना ते कळलं नाही, कारण त्या हाताकडे बघत होत्या. मी कशाकडेच बघत नव्हते, मी फक्त ऐकत होते. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, आवाज सर्वसाधारण. माझं बोट सेव्हवर होतं.

मी खुर्ची फिरवली. ती करकरली, कारण तीन वर्षांत कुणी ती फिरवलीच नव्हती.

चाळिशीचा माणूस. मिशा पिकत आलेल्या, एका बाजूचं टोक जळून वळलेलं. दोन्ही नाकपुड्यांच्या कडांना काळं. मी काय बघते आहे हे त्यांना एका क्षणात कळलं आणि त्यांनी धड हातानं नाक झाकलं. माझ्याकडे बघत राहिले. डोळे सांगत होते, बोलू नको.

किती वेळ गेला? माझ्या सगळ्या आयुष्यात हीच एक वेळ माझ्याकडे नोंदलेली नाही.

“मॅडम,” मी म्हणाले, “त्यांचं नाक बघा.”

मॅडमनी मला एका शब्दानं टोकलं नाही. टॉर्च घेतला, नाक बघितलं, तोंड उघडायला लावलं आणि मॅडमचा चेहरा बदलला. ऑक्सिजन लावला, अँब्युलन्स बोलावली. बंद खोलीत होता का, असं विचारलं. रामदरसनी मान हलवली, नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं. या वेळी ते मॅडमकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग हळूच मान खाली घालून त्यांनी होकार दिला. मी स्क्रीनकडे वळले, ‘चहा’ खोडला, ‘धूर’ लिहिलं, आवाज सर्वसाधारण नाही असं लिहिलं. एवढं होऊनही टाइप करताना एकही चूक झाली नाही. त्याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी कॅम्पचा सुपरवायझर कागद न्यायला आला. वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. त्याच्याकडून उरलेलं कळलं. खोलीत स्वयंपाकाला बंदी, तरी पलंगाखाली शेगडी ठेवलेली. गादीनं पेट घेतला. बोभाटा होऊ नये म्हणून रामदरसनी दार आतून लावलं आणि एकट्यानं घोंगडी टाकून, पाणी ओतून आग विझवली. छतावरच्या धुराच्या यंत्राला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, कधीपासून ते कुणी सांगेना. त्या खोलीत आणखी अकरा जण झोपायचे. हॉस्पिटलमध्ये गळ्यात नळी घालावी लागली होती. “बच जाएगा इन्शाल्ला,” सुपरवायझर म्हणाला, “लेकिन कंपनी से खलास.” बरे झाले की थेट विमानतळ.

तो गेल्यावर मी मॅडमना विचारलं, मी बोलायला नको होतं का? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “गो बाय, गळाच बंद झाला असता तर नोकरी कुणी केली असती?” त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. त्या खोलीत झोपणाऱ्या अकरा माणसांच्या जिवाचा विचार केला, तरी बरोबर होतं. त्या पिशवीचं तर शंभर टक्के बरोबर. मी स्वतःला सगळं समजावून सांगत होते आणि सगळं मला पटत होतं. पण पटणं वेगळं आणि चैन पडणं वेगळं. त्या माणसानं एका हातानं नाक झाकून मला एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी दिली नव्हती. तीन वर्षं गप्प बसून मी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पहिल्यांदा तोंड उघडलं आणि एका घराची चूल विझली. चुलीपायीच हे सगळं झालं, हे आणखी वर.

परीक्षेच्या शनिवारी मी गेले नाही. पहाटे उठले, बूट घातले, लॉबीपर्यंत आले, दार ढकललं, चष्मा पांढरा झाला आणि त्या दिवशी मात्र मी थांबले. काचा पुसल्या आणि परत लिफ्टमध्ये शिरले. बिजूचे दोन फोन येऊन गेले. उस्तादांना मी काहीच कळवलं नाही. आईनं माझ्यासाठी भरलेला डबा परत फ्रिजमध्ये ठेवला आणि पहिल्यांदाच कुठली म्हण वापरली नाही.

पुढच्या सोमवारी क्लिनिकमध्ये गेले, तर माझं टेबल फिरवलेलं होतं. मॅडमनी झाडणाऱ्या बाईंना हाताशी घेऊन ते स्वतःच सरकवलं होतं. आता येता-जाता त्यांचा गुडघा त्याच्या कोपऱ्याला लागतो, तरी त्या ते हलवत नाहीत. मला नाकं दिसतात. डोळेही दिसतात. ‘और मैडम…’ म्हणून थांबणारा माणूस थांबल्यावर कुठे बघतो, तेही आता मला ठाऊक आहे. कधी कधी वाटतं, पाठमोरं होतं तेच बरं होतं.

मागचा उन्हाळा असाच गेला. रुतब आला, पिकला, संपला. दारावर पंजाची मागची बाजू टेकवून बघायची सवय काही गेली नाही. घरच्या बाथरूमचं दारसुद्धा मी तसंच उघडते, भाऊ हसतो. एकदा औद्योगिक क्षेत्रावरून टॅक्सीनं जाताना ती धुराची खोली दिसली, तर मी मान दुसरीकडे फिरवली. पळपुटेपणाच तो, दुसरं काय.

आणि यंदा, जुलैच्या शेवटी, मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत आपला फोन माझ्यासमोर धरला. व्हॉइस मेसेज होता. नंबर भारतातला. पहिल्या दोन शब्दांतच मी ओळखलं. थोडा घोगरा झालेला, पण तोच, शेतात हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज.

त्यांचा पुतण्या शारजाला कामाला येतोय, त्याला बरं नसलं तर तुमच्याच क्लिनिकला पाठवीन, असं ते सांगत होते. त्याला बजावलंय, खोलीत शेगडी पेटवायची नाही. मग घरची खुशाली, पावसाची, म्हशीची. मग ‘और मैडम…’ म्हणून ते थांबले. या वेळी मात्र त्यांनी ते वाक्य पुरं केलं.

“वो जो पीछे बैठती थीं, उनको बोलिएगा, बहुत दिन गुस्सा था. थोड़ा अभी भी है. इतने साल की नौकरी थी. मगर भैंस को बुलाता हूँ तो आवाज तालाब के पार जाती है. बोल दीजिएगा.”

तो मेसेज मी तीनदा ऐकला. चौथ्यांदा ऐकता ऐकता माझी बोटं टेबलावर आपोआप टाइप करू लागली आणि ‘थोड़ा अभी भी है’ पाशी थांबली. त्यांनी मला माफ केलं नव्हतं. मला त्याचंच बरं वाटलं, कारण माफीवर माझा विश्वास बसला नसता. दोन्ही खरं होतं. नोकरी गेली होती, आणि आवाज तळ्यापलीकडे जात होता. इतकी साधी गोष्ट, आणि मी दोन वर्षं तिच्यातलं एक खोडून दुसरं लिहायला बघत होते. त्याच संध्याकाळी मी उस्तादांना फोन लावला. क्षमा मागायला सुरुवात केली, तर ते मधेच म्हणाले, शनिवारी सहा वाजता, उशीर नको.

आईनं डबा भरून दिला. चष्मा पांढरा झाला तशी मी न थांबता निघाले, कुंडीला ठेचकाळले आणि वेळेवर पोहोचले. बिजू आता तिथे मदतनीस आहे. धुराच्या खोलीच्या दाराशी शिटी घेऊन तोच उभा होता. त्यानं शिटी ओठांत धरली आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. माझ्याबरोबर या वेळी एक शाळामास्तर होते.

आतला धूर तसाच होता. डावा हात भिंतीला लावला. मास्कमध्ये माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता आणि स्वतःचं नावच विसरते की काय असं वाटलं. मग मी तोंड उघडलं. पहिली हाक चिरकलीच. दुसरी बरी होती. पुढे मी मोजल्या नाहीत. भिंत संपेपर्यंत, पुतळा सापडेपर्यंत, त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत दारापर्यंत येईपर्यंत मी ओरडतच होते.

बाहेर आले, मास्क काढला. घसा सोलवटला होता. उस्ताद कागदावर काहीतरी लिहीत होते, त्यांनी वर बघितलंही नाही. बिजूनं शिटी खिशात टाकली आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

“क्या चिल्लाया मानसी,” तो म्हणाला, “आवाज उधर पार्किंग के पार तक गया.”